कोणाला पाण्यात पाहता?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

सप्रेम नमस्कार. मी त्रेसष्ट वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ असून जुळे सोलापुरात राहतो. गेल्या दीड वर्षापासून आठवड्यातून तीन-चार वेळा मी दुचाकीने विजापूर रस्त्यावरील वडकबाळला जातो आणि सीना नदीच्या काठी तास-दीड तास बसून वाहते पाणी पाहतो. तेथे मन शांत होते, वडील आठवतात, नोकरीतल्या बदल्या, हुकलेली बढती, मुलांचे पुण्याला निघून जाणे, सगळे डोळ्यांपुढून जाते. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही असे म्हणतात, त्यामुळे झाले ते वाहून गेले अशी मी मनाची समजूत घालतो. परंतु परतताना वाटेतले हत्तूर गाव ओलांडले की तेच विचार पुन्हा सुरू होतात. पत्नीला माझे हे जाणे पसंत नाही. परवा ती म्हणाली, "रोज उठून नदीवर कोणाला पाण्यात पाहायला जाता?" शेजारी याला रिकामपणाचा परिणाम समजतात. (धाकट्या भावाशी नऊ वर्षे बोलणे नाही. वाटणीत विहीर माझ्याकडे आली, एका उन्हाळ्यात माझी जमीन खंडाने कसणाऱ्याने भावाला पाण्याची पाळी दिली नाही आणि त्याची डाळिंबाची बाग वाळली. तो विषय आता जुना झाला.) वाहत्या पाण्याकडे पाहून जीवनाचे चिंतन कसे करावे, आणि असे बसणे ही पळवाट तर नव्हे ना, हे कृपया सांगावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चार पानांचे होते आणि जागेअभावी वर त्याचा सारांशच देता आला. कंसातला मजकूर मात्र तुम्ही लिहिला तसाच, कंसासह, ठेवला आहे. त्याकडे मी नंतर येते. आधी वहिनींच्या प्रश्नाविषयी लिहिणे भाग आहे. 'पाण्यात पाहणे' म्हणजे एखाद्याचा मनातून द्वेष करणे, हे मराठीत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि इतकी वर्षे तुमच्याबरोबर संसार केलेल्या बाईच्या तोंडून तो वाक्प्रचार नेमका नदीच्या संदर्भात अनवधानाने निसटला असेल, यावर माझा विश्वास नाही. तुम्ही तो टोमणा म्हणून मला कळवला आहे. मला विचाराल तर तुमच्या चार पानांत आणि माझ्या या उत्तरात मिळून जे सांगितले जाईल, ते वहिनींनी एका वाक्यात आधीच सांगून टाकले आहे.

शेजाऱ्यांचे मनावर घेऊ नका. निवृत्त माणूस तासभर क्रिकेटचा सामना पाहत बसला तर त्याला कोणी रिकामा म्हणत नाही. नदी पाहत बसला की लोकांना काळजी वाटू लागते. तरीही एक प्रश्न मला विचारलाच पाहिजे आणि त्याचे उत्तर तुम्ही स्वतःशी खरे द्यावे. पाण्याकडे पाहताना त्यात उतरून जावे, संपून जावे, असा विचार कधी मनात येतो का? झोप आणि भूक कमी झाली आहे का, सकाळी उठण्याचा कंटाळा आठवडेच्या आठवडे टिकतो का? यातल्या कशाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर पुढचे काहीही वाचण्याआधी डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला; तेथे मराठीतही बोलता येते. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तसे वाटले नाही, आणि पुढचे सारे मी त्या गृहीतावर लिहीत आहे.

आता पाहण्याविषयी. 'चिंतन कसे करावे' असे तुम्ही विचारले आहे, परंतु तुमचे वर्णन वाचून मला शंका येते की तुम्ही नदीवर जाऊन नदी फारशी पाहतच नाही. पाणी समोर वाहते आणि तुम्ही तुमचा हुकलेल्या बढतीचा कागद वाचत असता. पुढच्या वेळी निदान पहिला अर्धा तास हिशेब बाजूला ठेवून केवळ पाणी पाहा. पुलाचा एखादा खांब निवडा आणि फेसाचा एखादा ठिपका डोळ्यांनी धरून तो दिसेनासा होईपर्यंत सोडू नका. तुमच्या लक्षात येईल की पात्राच्या मध्यावरचे पाणी सर्वांत वेगाने जाते, कारण तळ आणि काठ यांच्याशी होणारे घर्षण तेथे सर्वांत कमी असते; तुमच्या पायाजवळचे पाणी मात्र जवळजवळ रेंगाळत असते. काठावर बसणाऱ्याला नदी नेहमीच तिच्या खऱ्या वेगापेक्षा संथ वाटते, ती यामुळे. त्याहून मौजेची जागा खांबाच्या पलीकडच्या अंगाला आहे. तेथे भोवरा तयार होतो आणि त्यातले काही पाणी चक्क उलटे, उगमाच्या दिशेने, सरकत असते. तेथे अडकलेला फेस, प्लॅस्टिकची पिशवी, कोणीतरी वाहिलेल्या हारातली झेंडूची फुले बराच वेळ गरगर फिरत राहतात. हालचाल भरपूर असते, पण पुढे काही जात नाही.

मनातही असा भोवरा होतो. घडून गेलेली गोष्ट पुन्हापुन्हा त्याच शब्दांत घोळवत राहण्याला मानसशास्त्रात जी संज्ञा आहे, तिचा अर्थच रवंथ असा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी या सवयीचा दीर्घकाळ अभ्यास केला. 'माझेच असे का झाले' हा प्रश्न स्वतःला विचारत राहिल्याने माणसाची खिन्नता हलकी होत नाही, ती लांबत जाते, असे त्यांना आढळले. गंमत अशी की रवंथ करणाऱ्याला आपण खोल विचार करत आहोत असेच वाटत असते. म्हणून तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की चिंतन आणि रवंथ बाहेरून सारखेच दिसतात. काठावरून उठताना एखादी गोष्ट बसतानापेक्षा वेगळी दिसू लागली असेल तर ते चिंतन होते, आणि हत्तूर ओलांडताच तीच वाक्ये त्याच क्रमाने परत येत असतील तर तो खांबामागचा भोवरा होता.

नदीकाठी मिळणाऱ्या शांततेविषयीही थोडे सावध करते. एक प्रयोग करून पाहा. मिनिटभर नजर न हलवता वाहते पाणी पाहा आणि मग एकदम शेजारच्या दगडाकडे बघा. दगड प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत असल्याचा भास होईल. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधील फॉयर्सचा धबधबा पाहताना आलेला असाच अनुभव लिहून ठेवला आहे: धबधब्यावरून नजर काढून त्यांनी बाजूच्या कड्याकडे पाहिले, तेव्हा कडा वर चढताना दिसला. नदीकडे पाहून झाल्यावर स्थिर वस्तू हलताना दिसतात, हे त्याच्याही फार आधी ॲरिस्टॉटलने नोंदवले होते. एका दिशेची हालचाल टिपणाऱ्या पेशी सतत काम करून मंदावतात आणि विरुद्ध दिशेच्या पेशींचे पारडे क्षणभर जड होते, असे याचे कारण सांगितले जाते. भास काही क्षणांत ओसरतो, त्यात काळजीचे काही नाही. पण मला त्यातून एक व्यवहारी नियम घ्यावासा वाटतो: नदीवरून उठल्या उठल्या घरच्या कोणाविषयी मत बनवू नये. दीड तास पाण्यात रमलेल्या माणसाला घर मागे मागे सरकताना दिसते, आणि चहा गार झाला म्हणून बोलणारी पत्नी अकारण दूरची वाटते. वहिनी आहेत तेथेच आहेत.

तुम्ही लिहिलेले 'एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही' हे वाक्य हेराक्लायटस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सर्वत्र फिरते. ते त्या रूपात आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः प्लेटोच्या सांगण्यातून. हेराक्लायटसच्या स्वतःच्या शब्दांच्या अधिक जवळचे समजले जाणारे जे वचन शिल्लक आहे, त्याचा आशय वेगळा आहे: त्याच नद्यांमध्ये उतरणाऱ्यांवरून निरनिराळे पाणी वाहत राहते. म्हणजे नदी तीच, पाणी नवे. हा भेद पंडिती वाटेल, परंतु तुमच्या बाबतीत सारे काही त्यावरच अवलंबून आहे. 'झाले ते वाहून गेले' ही समजूत तुम्ही पहिल्या वाक्यावर उभी केली आहे. वाहून गेले ते त्या उन्हाळ्याचे पाणी. सीना तेथेच आहे, तुमची विहीर तेथेच आहे, त्या विहिरीवरची भावाची पाळी अजूनही दिलेली नाही, आणि तुमच्या पत्रात ती कंसात ठेवली गेली आहे. चार पानांत जेथे तुम्ही सर्वांत कमी शब्द खर्च केले, तेथेच कुठेतरी पाणी मुरते आहे, असे मला वाटले.

सीनेविषयीही एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला बहुधा ठाऊक असेल, पण तिच्याकडे तुम्ही या नजरेने पाहिले नसेल. सीना अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात उगम पावते आणि आपल्या भागात येईपर्यंत पावसाळा सरला की तिचा जीव थोडा उरतो. उन्हाळी दिवसांत तिच्यात जे पाणी दिसते ते पुष्कळदा उजनीचे, म्हणजे भीमेचे, असते. भीमा-सीना जोडकालव्याच्या बोगद्यातून ते इकडे आणले जाते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात आहे, आणि त्यातले कोठे, कधी व किती सोडायचे हे बैठकीत ठरते. निसर्गतः वाहणारी नदी पाहून आयुष्याचे धडे घ्यावेत असे ग्रंथांतून लिहिलेले असते, परंतु आम्हा सोलापूरकरांच्या वाट्याला आलेले वाहते पाणी हे बहुतांशी कोणीतरी सोडलेले पाणी आहे. घरचा नळसुद्धा काही दिवसांआड, रात्री-अपरात्री येतो, आणि 'पाणी सोडले का' असा प्रश्न गल्लीत एकमेकांना विचारला जातो. मला ही उणीव वाटत नाही. उलट जो धडा आपल्याला येथे मिळतो तो गोदेच्या किंवा कृष्णेच्या काठी बसणाऱ्याला इतक्या सहज मिळत नसेल: पाणी वाहण्यासाठी कोणीतरी दार उचलावे लागते.

आणि 'पाणी सोडणे' याचा मराठीत आणखी एक अर्थ आहे. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडले, म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला. हा वाक्प्रचार दानाच्या विधीतून आला आहे. दान देताना घेणाऱ्याच्या हातावर उदक सोडतात आणि वस्तू त्या क्षणी त्याची होते. यात दोन हात लागतात. एकट्याने नदीकाठी बसून 'मी सगळे सोडून दिले' असे म्हणता येते, पण ते पाणी कोणाच्याच हातावर पडत नाही. दीड वर्ष तुम्ही मनातल्या मनात जे सोडत आहात ते परतीच्या रस्त्यावर पुन्हा तुमच्याकडे येते, यात मला काही नवल वाटत नाही.

सीनेवर वडकबाळसारखे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बँकेच्या नोकरीत तुम्ही पीककर्जाची कामे पाहिली असतील तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळेल. खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवून पावसाळ्यानंतरचे पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून ठेवायचे, म्हणजे पुराचे पाणी आणि गाळ निघून जातो, ही त्यांची रीत. बर्गे घालणे चूक नाही. त्या वेळी ते घातलेच पाहिजेत. पण ज्या वर्षी ते वेळेत निघत नाहीत त्या वर्षी लोंढा बंधाऱ्याला वळसा घालतो आणि काठची माती कापून नेतो. बंधारा जागेवर राहतो, नदी बाजूने जाते, नुकसान होते ते शेजारच्या रानाचे. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही भावाशी बोलणे थांबवले, किंवा त्याने थांबवले, त्याला त्या वेळी काही कारण असेल; संतापलेल्या दोघांनी काही काळ गप्प राहणे कित्येकदा शहाणपणाचेच असते. मी दोष त्या गप्प राहण्याला देत नाही. बर्गे काढण्याचा हंगाम नऊ वेळा येऊन गेला, याकडे लक्ष वेधते. भीमा आणि सीना पुढे जाऊन मिळतात, हा दृष्टान्त दोन भावांसाठी फारच गोंडस होईल, म्हणून तो मी वापरत नाही.

तरी त्या संगमावर एकदा जाऊन या, आणि वहिनींना बरोबर न्या. हत्तरसंग कुडल तुम्हाला वडकबाळहून काही फार लांब नाही. 'कुडल' हा कन्नड शब्द, त्याचा अर्थच संगम. संगमेश्वराच्या तेथील देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे; मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि वाचणाऱ्याला विजय मिळो अशा अर्थाच्या शुभेच्छेने तो संपतो. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी अनोळखी वाचकाचे भले चिंतले, ते त्या दोन पाण्यांच्या काठी उभे राहून वाचताना बरे वाटते. वहिनींना तेथे तत्त्वज्ञान सांगू नका. डब्यात धपाटे आणि शेंगाचटणी न्या, सावली बघून बसा, आणि त्या बोलतील ते ऐका. तुमच्या एकट्याच्या जाण्याचा त्यांना जो राग आहे त्यातला बराचसा भाग नदीविषयी नसून त्यांना न विचारता उचललेल्या दुचाकीच्या किल्लीविषयी असावा, असा माझा अंदाज आहे. चुकला तर कळवा.

पावसाळ्यात मात्र काठावर बसू नका. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला आणि नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. एरवी जिचे पात्र पायी ओलांडता येते अशा नदीवर विसंबून राहणे बरे नाही. मे महिन्यात पात्र कोरडे पडले तर जरूर जा. दगडांवरच्या पाण्याच्या रेषा आणि झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पाचोळा पाहून नदी कोठवर चढली होती ते कळते. तेही पाहणेच आहे.

असे बसणे पळवाट आहे का, हे तुम्ही विचारले होते. आजवर थोडीफार होती, असे मला वाटते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्या दिशेने माणूस पळतो ती दिशाही काही सांगते. पाण्यावरून भावाशी वितुष्ट आले आणि निवृत्तीनंतर तुमचे पाय पाण्याकडेच वळले. तुम्ही बागेत जाऊ शकला असता, सिद्धेश्वर तलावाच्या काठी सकाळची फेरी मारू शकला असता, देवळात बसू शकला असता. तुम्ही वाहते पाणी निवडले. त्या उन्हाळ्यात भावाच्या डाळिंबाच्या बुडाशी जे वाहायला हवे होते, ते तुम्ही दीड वर्ष वडकबाळला बसून पाहत आहात. हे मी निष्ठुरपणे लिहीत असेन तर क्षमा करा, पण पाळी तुम्ही स्वतः तोडली नव्हती आणि ती सुरूही करून दिली नव्हती, हे दोन्ही खरे आहे आणि तुम्हालाही ते माहीत आहे. माहीत नसते तर कंस घातला नसता.

यापुढचे चिंतन नदीवर होणार नाही; ते विहिरीच्या काठावर होईल. एखाद्या सकाळी, भाऊ रानात असण्याच्या वेळेला, गावी जा. आधी फोन केला तर नऊ वर्षांचा ताण त्या फोनवरच येईल आणि दोन मिनिटांत दोघांपैकी कोणीतरी तो ठेवून देईल, म्हणून फोन नको. 'झाले गेले विसरू' असे म्हणू नका; ज्याची बाग वाळली त्याला ते विसरायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. कोणाची चूक किती, याचा खल त्या दिवशी नको. "त्या उन्हाळ्यात मी मध्ये पडायला हवे होते, पडलो नाही," एवढे म्हणा आणि थांबा. तो रागावेल, कदाचित बराच वेळ बोलेल. मध्ये तोडू नका. तासन्तास समोर काही वाहत असताना गप्प बसून राहण्याचा सराव तुमच्याइतका कोणाला आहे? मग आठवड्यातून कोणते दिवस आणि किती तास मोटर त्याच्या रानाला लावायची, हे त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ते कागदावर लिहून घ्या.

हे सारे गुढीपाडव्याच्या आत करा. खंडाचे व्यवहार आपल्याकडे बहुधा पाडव्याला नव्याने ठरतात, आणि भावाची पाळी नव्या करारात पहिल्या कलमात घालून घेणे तुमच्या हातात आहे. एकदा जुन्याच अटींवर सही झाली की जमीन कसणाऱ्याचे मन वळवावे लागेल, आणि त्यात येणारा उन्हाळाही जाईल.